रंग कुणाच्या नावावर

"सुनेचं नाव पुसून टाक," रंगखान्याची मालकीण संगणकवाल्याला म्हणाली. "तिचा वासही राहता कामा नये."

धाकटी सून भांडून घराबाहेर पडली होती आणि पलीकडच्या रंगखान्यात कामाला लागली होती. कापडाच्या कुठल्या छटेसाठी कोणता रंग किती घालायचा, ही सगळी मापं संगणकाच्या या डबड्यात होती. तिकडे बसून ती उघडून बघेल, हीच मालकिणीला धास्ती.

संगणकवाल्यानं दोनदा बटणं दाबली आणि मान हलवली. नाव पुसलं जाईना. मापं सुनेनं भरलेली, म्हणून आत ती तिच्याच मालकीची. आधी दुसऱ्या कुणाच्या नावावर करायची, मगच तिला काढता येईल.

"मापं तिची? हात भाजले ते माझे. मी उभी राहून सांगत होते, ती नुसती बोटं बडवत होती. बोटं बडवणारी मालकीण, मग मी कोण, भाडेकरू?"

यंत्राला तोंडी सांगितलेलं कळत नाही, असं तो म्हणाला.

मग थोरल्या मुलाच्या नावावर कर, तिनं फर्मावलं. तेही जमेना. थोरल्याला फक्त बघायचा हक्क होता, हलवायचा नाही. थोरला जमिनीकडे बघत राहिला, म्हणजे त्याला ठाऊक होतं. पोटचा पोरगा पाहुणा आणि परक्याची लेक धनीण, हा कुठला न्याय?

संगणकवाल्यानं आणखी आत शोधलं. सगळ्यांच्या वर एक नाव निघालं. ते कुणाचीही मालकी कुणालाही देऊ शकत होतं, सुनेलाही काढू शकत होतं. नाव होतं 'आई'. पहिल्या दिवसापासून होतं, पण त्या नावानं आत कधी कुणी शिरलंच नव्हतं. पासवर्ड अर्थातच सुनेकडे.

तिला विचारण्यापेक्षा जीभ हासडलेली बरी, असं म्हणत मालकिणीनं फोन लावला.

सुनेनं ऐकून घेतलं. कशासाठी हवाय ते विचारलं नाही; कळलंच असणार. "तुम्ही मला शिकवलेला पहिला रंग, आई," ती म्हणाली. "जांभळा."

संगणकवाल्यानं तो घातला. बघता बघता सगळ्या छटा 'आई'च्या नावावर झाल्या. आता सुनेचं नाव काढायला आड येणारं काही उरलं नव्हतं. "काढू?" त्यानं विचारलं.

फोन अजून चालूच होता. पलीकडून पाण्याची खदखद ऐकू येत होती. मालकिणीनं कान घट्ट लावला.

"पाणी फार उकळवतात गं तिकडे," ती म्हणाली. "रंग फुटेल, कापडावर डाग पडतील."

"सांगितलं मी, आई. माझं ऐकत नाहीत."

संगणकवाल्याचं बोट बटणावर टेकत होतं. मालकिणीनं त्याचं मनगट धरलं.