ठरावकाकांचा निषेध

"मुलींवरचा अन्याय मी या जन्मात खपवून घेणार नाही!" अशी गर्जना करून ठरावकाका भर सभागृहात उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उभी राहिली.

खुर्च्या मुलींच्या मापाच्या होत्या. शेजारच्या बाईंनी खुर्ची दोन्ही हातांनी ओढून धरली, काकांनी पोट आत घेतलं, तेव्हा कुठे दोघांची फारकत झाली.

"हीच ती वृत्ती!" खुर्चीकडे बोट दाखवत काका म्हणाले. "पालकांनी इथे फिरकूच नये, अशी सोय!"

गल्लीत त्यांना ठरावकाका म्हणत. नळाला पाणी कमी आलं तरी ते निषेधाचा ठराव मांडत. मुलींच्या शिक्षणावरची त्यांची भाषणं तर गावोगाव गाजलेली, त्यामुळे घरी टेकायला सवड नसे. लेकीचा डबा, सह्या, पालकसभा सगळं बायको बघे. पण आज सासूबाई इस्पितळात आणि बायको त्यांच्या उशाशी. सकाळी शाळेला निघताना लेकीने दारात थांबून विचारलं होतं, "बाबा, या वेळी नक्की ना? आमच्याकडे बक्षीस आईबाबांच्याच हातून देतात. तुम्ही नाही आलात तर मी वर एकटीच उभी राहीन."

"अगं वेडे, सगळ्यांच्या आधी येऊन बसतो की नाही बघ!"

शब्दाला जागून ते खरोखरच सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

पण पहिली ठिणगी फाटकावरच पडली. रखवालदाराने त्यांना चक्क "आपण कोण?" असं विचारलं. आत येऊन बघतात तर मुलींच्या वेण्यांना हिरव्या फिती. घरी दोरीवर लाल फिती वाळत असतात, हे काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी नव्या फितींचा भुर्दंड! वर बक्षिसं वाटायला आणून बसवला होता कुणी कारखानदार. आईबाबांच्या हातून द्यायची ठरलेली बक्षिसं कुणाला न विचारता परस्पर त्याच्या हाती!

काकांनी हे सगळं पोटात घातलं. एवढ्या वेण्यांमध्ये आपली कुठली, हे पाठीमागून काही ओळखू येईना, तेही सोसलं. निरोपाचं गाणं झालं. कागदी पताकांखाली एकेक मुलगी वर जाऊन टाळ्या घेऊन आली. टेबलावर शेवटचा चषक उरला, तरी लेकीचं नाव नाही ते नाहीच. तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला.

"काय झालं, काका?" मुख्याध्यापिका लगबगीने खाली आल्या. "कुठल्या वर्गातली मुलगी आपली?"

"वर्ग महत्त्वाचा नाही, अन्याय महत्त्वाचा!"

मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या.

"बरं, नाव तरी सांगा."

काकांनी नाव सांगितलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "या नावाची मुलगी तर आमच्या..."

"आमच्या नजरेत भरत नाही, असंच ना?" काका कडाडले. "वर्षभर घासलंय पोरीने! आणि आज तुम्ही तिचं नावसुद्धा ओळखत नाही?"

"शेम, शेम!" कुणीतरी ओरडलं. एका आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"अहो, माझं जरा ऐकून तर घ्या..."

"आजवर मुलींनी ऐकूनच घेतलंय!"

आता सगळं सभागृहच टाळ्या पिटू लागलं. कारखानदाराने जांभई गिळली. "बाई, देऊन टाका हो तो चषक यांना. जेवायची वेळ झाली."

शेवटचा चषक धावण्याचा होता. तो ज्या मुलीचा, ती गुडघ्यावर पट्टी बांधलेली पोरगी व्यासपीठाच्या पायरीवर एक पाऊल ठेवून केव्हाची थांबली होती. मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे पाहिलं, सभागृहाकडे पाहिलं आणि मान खाली घालून चषक काकांच्या हातात दिला. पोरगी मुकाट्याने जागेवर जाऊन बसली. तिने वळून काकांकडे पाहिलं.

'काय ही असूया! एवढ्याशा वयात!' काकांना वाईट वाटलं.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. चषक छातीशी धरून, लोकांचे नमस्कार घेत घेत ते व्हरांड्यात आले. निरोप लेकीचा होता, तिच्या वर्गशिक्षिकेच्या फोनवरून.

"बाबा, माझं नाव दोनदा पुकारलं. मी अजून स्टेजवरच आहे. बाई म्हणतात, थोडा वेळ थांबू. तुम्ही कुठे बसलात?"

काकांनी तो निरोप पुन्हा वाचला. मग ते सावकाश चालत फाटकापर्यंत आले आणि तिथली पाटी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली. सभागृहातल्या टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या.

त्यांनी चषक पाठीमागे धरला आणि खाली वाकून, शक्य तितक्या हळू आवाजात रखवालदाराला विचारलं,

"दादा, एवढं जरा सांगता का? इथे जवळपास मुलींची आणखी एखादी शाळा आहे?"