इंजिनाचा पट्टा

पंपाच्या इंजिनाचा पट्टा कुमुदने पहाटेच काढून तांदळाच्या डब्यात खुपसला होता. तळ्यातलं पाणी बागेला चढणार नाही, मग तरी नवरा भाचीच्या लग्नाला येईल! या बागेपायी आजवर एकेक कार्य हुकलं होतं.

पट्टा शोधून थकलेल्या नवऱ्याला ती म्हणाली, "अहो, चला आता. एसटी चुकेल."

त्याने तिच्या हातात कळशी दिली. "कलमं माना टाकतील गं. हातानेच घालू पाणी. तू आहेस म्हणून धीर."

नवी साडी खोचून ती दिवसभर तळ्यातून कळशा वाहत राहिली. खरं सांगायला तोंड उघडायची, तर तो विचारायचा, "दमलीस ना?"

दिवेलागणीला तो म्हणाला, "तू बस. आज भात मी लावतो."

तिला उठवेना. आत डब्याचं झाकण वाजलं.