तांदूळ वाढले

कुंताने गिलास काठोकाठ भरला, वर आणखी एक मूठ टाकली आणि स्टोव्हवर भात ठेवला. दिवसातला हा तिसरा भात. पोट नको म्हणत होतं, पण डब्यातले तांदूळ लवकर संपायला हवे होते.

'संपणे' हा शब्द खरं तर तिच्या घरी चालत नसे. आसगावच्या त्या धानाच्या, भातशेतीच्या घरात दिवा विझत नाही, बांगडी फुटत नाही आणि तांदूळ संपत नाहीत. सगळं 'वाढतं'. संपलं म्हटलं की लक्ष्मी रुसते, असं आईचं म्हणणं.

सत्याहत्तर सालच्या जुलैत कुंताच्या बापाने, टिकारामने, तिला नागपूरला आणलं, ते या डब्यासकट. कॉलेजात नाव घातलं, महाल भागात निर्मलाबाईंच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली आणि निघताना अंगणात, बाईंच्या देखतच सांगितलं, "पंधरा दिवसाचे तांदूळ हायेत. राहून पाय. नाही गमलं, तर तांदूळ वाढले का हे कार्ड टाक. मी घ्याले येतो." गावच्या गुरुजींकडून पत्ता लिहून आणलेलं पोस्टकार्ड त्याने तिच्या हातात ठेवलं. परत गेली की पुन्हा नागपूर नाही, हेही ठरलेलं होतं. दिघोरीचं एक स्थळ चालून आलं होतं आणि आई तर टपूनच बसली होती.

नाही गमलं. पहिल्या सकाळपासूनच नाही गमलं. वर्गात दीडशे पोरांत सात पोरी. इंग्रजीतून शिकवलेलं सगळं डोक्यावरून जाई. रस्त्याने जाताना "कुठं चालली वं?" म्हणून विचारणारं एक माणूस नाही. गावात याच प्रश्नाचा तिला वैताग यायचा, आणि इथे त्याच्यासाठी जीव कासावीस व्हायचा. चौथ्या दिवशी तिने कार्डावर दोनच शब्द लिहून ठेवले, 'तांदूळ वाढले'. आता ते खरं व्हायचं तेवढं बाकी होतं. खोटंच लिहून कार्ड टाकावं, एवढी ती बिलंदर नव्हती. अन्न फेकणं तर रक्तातच नव्हतं. उरला एकच मार्ग, खाण्याचा.

त्यात घरमालकीण म्हणजे लवंगी मिरची. "नळ बंद कर. चपला बाहेर. अन् एवढा भात खाते का कोनी? पोट हाय का कोठी?" स्वतः निर्मलाबाई मात्र ओसरीवर बसून ज्वारीची भाकर आणि चटणी खायच्या. कुंताने एकदा रीत म्हणून भात पुढे केला, तर त्यांनी हात आडवा धरला. "मले भात सोसत नाही. वात होते."

पंधरा दिवस झाले, अठरा झाले, तरी डबा तळ दाखवेना. आईच्या हाताला बरकतच तशी, असं कुंताला वाटलं आणि आईचा थोडा रागही आला. एवढ्या दिवसांत तिसऱ्या बाकावरची तुळसा तिच्यासाठी जागा धरू लागली होती. बेडूक चिरताना साऱ्या वर्गात एकट्या कुंताचा हात थरथरला नव्हता, आणि सरांनी सगळ्यांना तिच्या टेबलाभोवती बोलावलं होतं. त्या दिवशी दोनदाच भात झाला.

बाविसाव्या दिवशी रविवार होता. निवांतपणे निवडावेत म्हणून तिने सुपात तांदूळ काढले आणि तिचा हात थांबला. आईने दिलेला होता चिन्नोर, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला, बारीक आणि वासाचा. सुपात तो दहात एक दाणा होता. बाकी सगळा जाडाभरडा, तुकड्यांचा, कंट्रोलच्या म्हणजे रेशनच्या दुकानातला. धानाच्या घरची पोर एक वेळ माणसात फसेल, दाण्यात नाही. पण इतके दिवस ती तांदूळ बघतच नव्हती, नुसता डब्याचा तळ बघत होती.

ती सूप घेऊन ओसरीवर गेली. निर्मलाबाई जेवत होत्या.

"मावशी, माह्या डब्यात कंट्रोलचे तांदूळ कोठून आले?"

"उंदरानं आणून टाकले असन." बाईंनी मान वर केली नाही.

कुंताने त्यांच्या ताटाकडे पाहिलं. भाकर आणि चटणी. तिला सगळं एकदम कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा रिकामा करायला आपण तीन तीन वेळा जेवत होतो, आणि ही बाई स्वतःच्या वाटचे तांदूळ आपल्यामागे त्यात ओतत होती.

"काहून, मावशी?"

निर्मलाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "मी बी शिकाले गेली होती. भंडाऱ्याले, मामाकडं. गमत नाही म्हणून आठ दिवसांत रडली. बाप आला अन् घेऊन गेला. लय मायाळू होता." त्यांनी ताट बाजूला सारलं. "गमाले महिना लागते, पोरी. अन् तुह्या बापानं तांदूळ देल्ले पंधरा दिवसाचे."

कुंता तिथेच, सूप मांडीवर घेऊन, पोटभर रडली. आईसाठी नाही, गावासाठी नाही. आपलं इथे कोणी आहे म्हणून रडली. मग उठून तिने दोघींपुरता भात टाकला. निर्मलाबाई दोनदा मागून जेवल्या. वात काही झाला नाही.

संध्याकाळी तिने पोस्टकार्ड काढलं. 'तांदूळ वाढले' हे शब्द खोडायला पेन उचललं. मग ते शब्द तसेच ठेवले आणि त्यांच्यापुढे लिहिलं, 'घ्यायला येऊ नका.'