काळी पाच

वनिता तापाने गेली, त्यानंतरचा पनवेलच्या गायनवर्गातला हा पहिला शनिवार. तबलजी ताहेरमास्तरांनी सवयीने लहान तोंडाचा तबला काढून पेटीच्या काळी पाच या पट्टीत मिळवला. इतक्या उंच पट्टीत फक्त वनिताच गायची. बाकीच्या मुली काळी तीनमध्ये. चूक लक्षात येताच मास्तरांची हातोडी थांबली. “माफ करा, बाई. दुसरा काढतो,” ते पेटीवर बसलेल्या गायनाच्या बाईंना म्हणाले. तेवढ्यात लेकीची गाण्याची वही न्यायला कोन गावाहून आलेली वनिताची आई दारात अवघडली. मुली उठू लागलेल्या पाहून म्हणाली, “माज्यासाठी थांबू नका. तुमी गावा.” बाईंनी मास्तरांना तबला बदलू दिला नाही. पेटीवर काळी पाच दाबली. मुली गाऊ लागल्या. वरच्या षड्जाला एकेकीचा आवाज फाटत गेला. बाईंनी कुणालाच थांबवलं नाही. आईने दाराची चौकट धरली. “माजी पोर एवढ्या उंच गायाची? घरी तं आमाला कदी ऐकूच नाय आलं.”