पान्याला लावलेला कान

साहेब, तुम्ही लपवलंत. जुनी ॲम्बेसेडर चाकूरला माझ्याकडं धाडली आणि नुसतं चाक वाजतंय म्हणालात.

पुढच्या चाकाचं बेअरिंग मी नवं बसवलं, ग्रीस भरलं, नट आवळून किंचित ढिला केला. मग चाक फिरवून पान्याचं एक टोक मधोमध टेकवलं, दुसरं कानाला लावलं. आत कुणीतरी कण्हत होतं.

चाक थांबलं. कण्हणं थांबलं नाही.

बायकोला, दानम्माला, बोलावलं.

"येडे झालाव का? लोखंड कुठं कण्हतंय व्हय?" हसत हसत तिनं कान लावला. हसू तिथंच विरलं.

"अहो, ह्यो तुमचाच आवाज हाय. मला हाका मारायलाव."

उद्या ही गाडी मीच चालवत नांदेडला आणायची, असा तुमचा हुकूम आहे. मीच का, साहेब? उत्तर द्या.