चैनलाल पटेलाचं पथ्य

चैनलाल पटेलाला शंभर वर्षं जगवायचा विडा ज्या शहाण्यांनी उचलला, त्यांतल्या एकानंही कधी विचारलं नाही की त्यापायी मुसळ कोण उचलणार. विचारायचं कशाला? त्यांना ठाऊक होतं. समोरच्या सपरीत, म्हणजे पडवीत, खाटेवर बसून ते चहा पीत होते आणि मागच्या अंगणातले मुसळाचे घाव त्यांच्या कानावर पडत होते. घावांवर आवाज चढवूनच ते बोलत होते.

कांडत होती धनवंता, चैनलालची बायको. मनगटं अशी वाळलेली की मुसळ वर गेलं की बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरायच्या. साऱ्या कामठा गावाचं धान आता गाड्या भरून गोंदियाच्या गिरणीवर जायचं. ह्या एका घरात मुसळ चालू होतं, कारण घरधन्याला जगायचं होतं.

गोंदियाहून येणारा डॉक्टर म्हणे, गिरणीचा पांढरा तांदूळ म्हणजे चुना. घरी कांडा आणि एकदाच कांडा, सगळी ताकद कोंड्यात. गावचा दुर्गाप्रसाद वैद्य म्हणे, म्हाताऱ्या पोटात कोंडा म्हणजे दगड. तीनदा कांडा, तांदूळ मोगऱ्यासारखा निघाला पाहिजे. शिवाय कांडणारा हात बदलला की गुण बदलतो, तेव्हा मोलकरणीचा हात नको, सुनेचाही नको. चैनलालनं डोकं चालवलं. सकाळी डॉक्टरचा भात, संध्याकाळी वैद्याचा. दोघांतला एक तरी खरा निघेलच की!

डॉक्टरच्या भाताची पेज काढायची नाही, तिच्यात सत्त्व. वैद्याच्या भाताची पेज फेकून द्यायची, तिच्यात कफ. ती फेकायची पेज धनवंताच्या वाट्याची. डॉक्टरनं तूप बंद केलं तेव्हा तिला वाटलं होतं, आता एखादा थेंब आपल्या भातावर पडेल. वैद्यानं ते तूप काशाच्या वाटीनं पटेलाच्या तळव्यांना चोळायला सांगितलं. चोळायचं कोणी, हे काही सांगावं लागलं नाही.

डॉक्टरनं चैनलालची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पाठीवर थाप मारली.

"पटेल, बहात्तराव्या वर्षी पन्नाशीचं शरीर! ही कोंड्याची करामत."

"कोंडा?" दुर्गाप्रसाद उसळला. "अरे साहब, कोंड्यावर बैल पोसतात! ही आमच्या तीन कांडपांची करामत. आणि तळव्याच्या तुपाची."

"तूप तळव्याला लावता, मग जोडे भातात कालवता का हो वैद्यराज?"

चैनलाल पोट धरून हसला. तोंडातले सगळे दात दिसले. "भांडा गा, भांडा! तुमच्या भांडनातच तं मी जगून राहिलो."

मागचे घाव थांबले.

"काऊन थांबली वो?" चैनलालनं बसल्या जागेवरून हाक दिली. "डॉक्टरसाहेब जेवून जातीन. हात उचल जरा!"

थोड्या वेळानं सून मुन्नीबाई सासूला बगलेत धरून घेऊन आली. धनवंताच्या हातात मुसळ नव्हतं, पण बोटं अजून मुसळ धरल्यासारखीच वळलेली होती. ती उघडत नव्हती. चौकटीला टेकून ती खाली बसली आणि खोकत राहिली.

"डॉक्टरसाहेब, सासूबाईले पाहा ना जरा," मुन्नीबाई म्हणाली. "उभ्या उभ्या डोळ्यापुढं अंधारी येते. रातभर खोकलतेत. कांडनं बंद करा म्हना. तुमचं आयकतीन मामाजी."

डॉक्टरनं खाटेवरूनच मान वळवली. मिटलेली बॅग पुन्हा उघडली नाही. "म्हातारीचं वय काय?"

"असंल साठ-पासष्ट," चैनलाल म्हणाला.

"मग वय झालं तिचं. ह्याला औषध नसतं. हातपाय हलते ठेवावेत, तेच बरं."

"बिलकुल सही," दुर्गाप्रसाद म्हणाला. "मुसळ सोडलं की अजून आखडेल. वयच आहे ते, दुसरं काय!"

एवढ्या दिवसांत दोघांचं पहिल्यांदाच जमलं. चैनलालला मोठं समाधान वाटलं. "आयकलं ना? दोघंही तेच सांगून राहिले. घोटभर पानी पी अन् लाग कामाले."

धनवंता उठली नाही. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून ती परक्या पुरुषापुढं एक शब्द बोलली नव्हती. वळलेल्या बोटांनी तिनं डोक्यावरचा पदर मागं ढकलला. खाली एक काळा केस नव्हता.

"ह्यायच्या पहिल्या बायकोची पोरगी आमगावले देल्ली आहे," ती म्हणाली. "तिले विचारा. मी तिच्याहून दोन वर्सानं लहान आहो. मले पंचेचाळीसावं चालू आहे."

"चूप वो!" चैनलाल ओरडला. "शरम आहे का नाही?"

तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती डॉक्टरकडं बघत होती, मग वैद्याकडं, मग पुन्हा डॉक्टरकडं.

"तुमी एकडाव कांड म्हटलं, मी कांडलं. तुमी तीनडाव म्हटलं, तीनडाव कांडलं. ह्यायचं म्हातारपन गेलं, खोटं कायले बोलू? मी रोज डोळ्यानं पाहून राहिली. पन गेलं म्हनजे कोठं तं गेलं असंल! तुमी दोघंही शिकले-सवरले आहा. सांगा ना. कोठं गेलं ते?"