काळ्या कागदावरची जाळी

ठकूबाईच्या धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी सगळे कॅमेरे आपोआप फोटो सुधारू लागले. सासरी निघालेली, रडून डोळे सुजलेली नवरीसुद्धा फोटोत हसरी आली.

श्रावणापासून द्राक्षबागांवर नवं औषध फवारायला लागले. ठकूबाईचा नवरा सोपान खोकून बेजार झाला. बांधावरचे कोळी वेडीवाकडी, अर्धवट जाळी विणू लागले. तिने रोज त्यांचे फोटो काढले, पण फोटोत प्रत्येक जाळं अखंड आणि रेखीव दिसायचं.

"आजी, तुमचेच फोटो बघा की," औषध कंपनीचा साहेब ग्रामसभेत हसला. "कोळी झकास आहेत. औषधात दोष नाही."

"झकास? माझी लेक हसत सासरी गेली, तसेच झकास!"

दुसऱ्या सकाळी तिने जाळ्यांवर तांदळाची पिठी फुंकली, काळ्या कागदांना खळ लावली आणि एकेक जाळं अलगद कागदावर उचलून घेतलं. अशी चाळीस वाकडी जाळी तिने भर चावडीत साहेबापुढे मांडली.

"घ्या. आता ही सुधारून दाखवा."

साऱ्या गावाने ती पाहिली. फवारणी दसऱ्याला थांबली. सोपान त्याआधी, सर्वपित्री अमावास्येला वारला.